घर इथे, नोकरी शंभर किलोमीटरवर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील रविवारच्या व्याख्यानसत्रात, 'अपडाउन' करणाऱ्या सभासदांच्या वतीने वाचलेले निवेदन)



दरवर्षी या सत्रात इतिहास, संगीत, आरोग्य अशा विषयांवर बाहेरचे वक्ते येतात आणि आपण ऐकतो. यंदा कार्यकारिणीने आम्हाला, म्हणजे रोज बडोद्याहून अहमदाबादला नोकरीसाठी जाऊन-येऊन असणाऱ्या सभासदांना, "तुमचे तुम्हीच सांगा" असा आदेश दिला. आम्ही पंधरा-सोळा जण आहोत. कोणी बँकेत, कोणी सरकारी कचेरीत, कोणी खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात, दोघी शाळेत. भाषणाची सवय कोणालाच नाही. म्हणून हे निवेदन आम्ही गाडीतच तयार केले. एकाने लिहायचे, बाकीच्यांनी खोडायचे, असे आठ दिवस चालले. वाचणारा एक असला तरी बोलणे सगळ्यांचे आहे असे समजावे.

आधी शब्दाविषयी. 'अपडाउन' हा शब्द आपल्या बडोद्याच्या मराठीत इतका मुरला आहे की तो परका वाटतच नाही. "जावई काय करतात?" "अहमदाबादला अपडाउन करतात." एवढ्या एका वाक्यात त्या माणसाची उठण्याची वेळ, जेवणाची वेळ आणि स्वभावातली थोडी चिडचिडही समोरच्याला कळते. पुण्याच्या किंवा नाशिकच्या नातेवाइकांना मात्र तो समजावून सांगावा लागतो. रेल्वेच्या भाषेतला 'अप' आणि 'डाउन' त्यांना ठाऊक असतो, पण त्याचे क्रियापद होते हे त्यांना नवीन असते.

आम्हाला आज एकच गोष्ट सांगायची आहे. लोक विचारतात, "एवढा त्रास काढण्यापेक्षा अहमदाबादला जाऊन का राहत नाही?" त्याचे उत्तर असे, की आमचे घर इथे आहे आणि ते आम्हाला इथेच ठेवायचे आहे. आईवडील इथे, मुलांची शाळा इथे, वाडा किंवा फ्लॅट इथे, हे मंडळ इथे. घर हलवायचे नाही म्हणून आम्ही स्वतः रोज हलतो. पण ज्या घरासाठी हे करतो, त्या घरात आठवड्याचे सहा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आम्ही नसतो. ही पोकळी कोण भरतो आणि पुढे कोण भरणार, हा आमचा प्रश्न आहे. शेवटी आम्ही मंडळाकडे काही मागणार आहोत, ते याच संदर्भात.

बडोदे आणि अहमदाबाद यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात अहमदाबादेवर पेशवे आणि गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता. तिथल्या रायखड भागातली गायकवाड हवेली त्या काळाची आठवण आहे. त्या वेळी बडोद्याचा माणूस कामाला अहमदाबादेस गेला की तिथेच मुक्काम करी, कारण संध्याकाळी परतण्याचा मार्गच नव्हता. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया ही रेल्वे कंपनी १८५५ साली स्थापन झाली आणि १८६०च्या दशकात मुंबई, सुरत, बडोदे, अहमदाबाद ही शहरे एका मार्गावर आली. त्याच सुमारास, १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची लाइन झाली. तिच्यावर सुरुवातीला बैल डबे ओढत. म्हणजे रेल्वे आपल्या बडोद्याच्या अंगवळणी पडलेली आहे. रेल्वे अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्थाही १९५२ साली आपल्याच लालबागेत आली.

तरीही आमच्या आजोबांना रोज अहमदाबाद गाठावे लागले नाही. संस्थानाच्या कचेऱ्या होत्या, कलाभवन होते, अलेंबिक १९०७ साली आणि बँक ऑफ बडोदा १९०८ साली आली. वडिलांच्या पिढीला विद्यापीठ, कोयलीची रिफायनरी, खताचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स असे सारे गावाच्या आसपास मिळाले. दांडिया बाजारातून किंवा मांजलपूरहून सायकलने निघायचे, नाहीतर नाक्यावर कंपनीची बस पकडायची, आणि संध्याकाळी सहाला घरच्या ओट्यावर चहा प्यायचा. पण १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले आणि राजधानी आधी अहमदाबादला, मग गांधीनगरला गेली. हायकोर्ट अहमदाबादला. त्यांच्या मागोमाग मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालये तिकडे वाढत गेली. बडोद्यात नोकऱ्या नाहीत असे नाही. आणंद, नडियाद, भरूचकडून शेकडो लोक उलट बडोद्याला अपडाउन करतात. पण सरकारी बदली, बढती, एखादे ठरावीक काम, अशा कारणांनी आमच्या वाट्याला अहमदाबाद आले.

अंतर रुळांवरून सुमारे शंभर किलोमीटर. वेगाची गाडी पावणेदोन ते दोन तास घेते, मेमू सगळीकडे थांबत अडीच तासांच्या पुढे जाते. सकाळी सव्वासहा-साडेसहाला घर सोडायचे. बाजवा गेले, रणोली गेली, की ज्यांची झोप राहिली आहे ते डोळे मिटतात. वासदच्या आधी मही नदीच्या पुलावर गाडीचा आवाज बदलतो तेव्हा निम्मे जण जागे होतात आणि हात जोडून पुन्हा झोपतात. आणंदला गर्दी चढते. खंभात आणि डाकोर-गोध्रा या फाट्यांवरचे लोक तिथे येऊन मिळतात. नडियादला आणखी. महेमदावाद, बारेजडी, वटवा, मग मणिनगर. शहराच्या दक्षिणेकडे काम असणारे मणिनगरला उतरतात, बाकीचे कालूपुरला. तिथून पुढे आश्रम रोड, नवरंगपुरा किंवा गांधीनगर. मेट्रोचा वस्त्राल ते थलतेज मार्ग २०२२ साली पूर्ण झाला आणि कालूपुरला मेट्रोचे स्थानक मिळाले तेव्हा आमचा रोजचा रिक्षावाल्याशी होणारा एक वाद कमी झाला. २०२४ पासून मेट्रो गांधीनगरकडेही जाऊ लागली. दहाला टेबलावर. संध्याकाळी सहा-सव्वासहाला पुन्हा तीच शर्यत उलट दिशेने. घरी यायला पावणेनऊ-नऊ. गाडी रखडली तर दहा.

आमच्यासारखे लोक सर्वत्र आहेत. पुण्याच्या मंडळींची डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आहे आणि तिच्यातून जाणाऱ्या पासधारकांच्या पिढ्या झाल्या. सुरत-वलसाडच्या लोकांची फ्लाइंग राणी तर दुमजली डब्यांसाठी प्रसिद्ध होती. १९७९ साली आलेले ते डबे २०२३ साली काढले गेले, तेव्हा रोजच्या प्रवाशांना घरातले जुने कपाट गेल्यासारखे वाटले असेल. आमची वलसाडहून येणारी गुजरात क्वीन तशीच. तिच्या डब्यात कोण कुठे बसतो हे टीसीलाही पाठ असते.

आता पासाविषयी, कारण सगळे गणित तिथेच फसते. मासिक पासाचे भाडे साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या साध्या भाड्याइतके असते, आणि आम्ही महिन्यात जवळपास पन्नास फेऱ्या करतो. तीन महिन्यांचा पास काढला तर मासिक पासाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे आणखी थोडी बचत. विद्यार्थ्यांना निम्मे. सुपरफास्ट गाडीसाठी वेगळा अधिभार. आरक्षित डब्यात पास चालत नाही, वंदे भारतमध्ये अर्थातच नाही. एरवी हा पास दीडशे किलोमीटरपर्यंतच मिळतो, पुणे-मुंबईसारखे जुने अपवाद सोडले तर. म्हणजे बडोदे-अहमदाबाद हे अंतर रेल्वेच्या दृष्टीने रोज जाण्याजोगे आहे.

इतका स्वस्त पास पाहिला की घरात सगळ्यांना वाटते, अहमदाबादला दोन खोल्यांचे भाडे भरण्यापेक्षा हे किती बरे! पैशांत ते बरेच आहे. म्हणून एका शनिवारी परतताना आम्ही दुसरा हिशेब मांडला. घरापासून कचेरीपर्यंत अडीच तास, परत येताना अडीच, म्हणजे दिवसाचे पाच तास. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरले तर साडेबाराशे तास. चोवीस तासांच्या दिवसांत मांडले तर बावन्न दिवस. वर्षातले सात आठवडे आम्ही रात्रंदिवस गाडीत आणि फलाटावर असतो असा त्याचा अर्थ. अंतर म्हणाल तर दिवसाला दोनशे किलोमीटर, वर्षाला पन्नास हजार. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर आहे. ज्यांची तीस वर्षे झाली त्यांचे पंधरा लाख किलोमीटर झाले. चंद्र पावणेचार लाखांवर आहे, म्हणजे ते जवळजवळ दोनदा चंद्रावर जाऊन परत आले, आणि दोन्ही वेळा कालूपुरलाच उतरले!

हसण्यावारी नेण्याजोगा हा हिशेब नाही. पास रेल्वेला दिलेल्या पैशांत स्वस्त आहे. उरलेली किंमत घरातली माणसे देतात आणि ती कुठल्याही वहीत लिहिली जात नाही. आम्ही साडेपाचला उठतो असे अभिमानाने सांगतो, तेव्हा डब्यासाठी पावणेपाचला उठलेले माणूस स्वयंपाकघरात असते. मुलांच्या शाळेतल्या पालकसभेला कायम एकच पालक जातो. गॅसचे सिलिंडर, नळवाला, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, धाकटीला अचानक आलेला ताप, हे सगळे दिवसा घडते आणि दिवसा आम्ही शंभर किलोमीटर दूर असतो. आम्हाला थकलेले पाहून घर आमची काळजी घेते. घरातल्यांच्या थकव्याला मात्र गाडीचे नाव नसते, म्हणून तो कोणाला दिसत नाही.

आमच्यातल्या सहा जणी अपडाउन करतात, त्यांचे तर वेगळेच. त्या पावणेपाचला स्वतः उठतात, दोन डबे भरतात, कुकर लावून निघतात आणि रात्री आल्यावर पुन्हा ओट्याशी उभ्या राहतात. थंडीत परतीच्या गाडीत महिलांच्या डब्यात जाऊन पाहावे. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेले, कोणी पापडी सोलते आहे, कोणी मेथी निवडते आहे, कोणी मुलाचा गृहपाठ फोनवर तपासते आहे. वासद येईपर्यंत उद्याची भाजी तयार. हे दृश्य गोड वाटते आणि त्यात गोडवा आहेही. पण त्यांच्यातल्या एकीने या निवेदनात आवर्जून लिहायला सांगितले की, "भाजी गाडीत निवडावी लागते, कारण घरी निवडायला दुसरे कोणी बसत नाही." ते वाक्य आम्ही पुरुषांनी खोडले नाही.

प्रवासाने आम्हाला दिलेही पुष्कळ. आमच्या डब्यात नडियादचे एक भाई पंधरा वर्षे रोज मूठभर खारी शेंग वाटतात. चतुर्थीला आमच्याकडून मोदक जातात, उत्तरायणाला त्यांच्याकडून चिक्की येते. कोणाच्या मुलीचे लग्न असले तर डबाच्या डबा हजर राहतो. रक्त हवे, चांगला वकील हवा, भाड्याचे घर हवे, तर आधी डब्यात विचारायचे. काहींनी गाडीत बसून स्पर्धा परीक्षा दिल्या, एकाने ज्ञानेश्वरीचे पारायण पूर्ण केले. एक नियम आम्ही पाळतो आणि नव्यांना सांगतो. लांबून आलेला, सामान आणि लहान मुले घेतलेला प्रवासी उभा असेल तर जागा आधी त्याची. रुमाल टाकून जागा अडवणे आणि कारण नसताना साखळी ओढणे, या दोन गोष्टींनी अपडाउनवाल्यांचे नाव खराब होते. साखळीबद्दल तर कायद्याने तुरुंगवासही होऊ शकतो.

मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या आणि आमच्या आयुष्यातली ही सारी व्यवस्था एका दिवसात उघडी पडली. पुढे गाड्या 'विशेष' म्हणून सुरू झाल्या, पण आरक्षण सक्तीचे होते आणि पास चालत नव्हता. रोज आरक्षण काढून जाणे खिशाला झेपेना. काही जण अमितनगर सर्कलवरून शटल गाडीने द्रुतगती मार्गाने जाऊ लागले. तो रस्ता सुमारे ९३ किलोमीटरचा, पण रोजचे भाडे आणि रोजचा जीवाचा घोर वेगळा. दोघांनी अहमदाबादला खोली घेतली. एकाने नोकरी सोडली आणि प्रतापनगरला छोटे दुकान टाकले. ज्यांना घरून काम करता आले, त्यांना पहिल्यांदाच कळले की दुपारी चार वाजता आपल्या घरात ऊन कुठे येते आणि त्या वेळी बाबा एकटे खिडकीत बसून काय पाहतात. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पास पुन्हा मिळाला, आम्ही पुन्हा फलाटावर उभे राहिलो. पण दुपारची ती खिडकी मनातून गेली नाही.

खरा मुद्दा इथून सुरू होतो. गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकाच्या आई सकाळी साडेदहाला न्हाणीघरात पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा आश्रम रोडला, सून मुलाला शाळेत पोहोचवून तिथूनच तिच्या कामावर गेलेली. आईंनी सरपटत येऊन मुलाला फोन केला. त्याने शेजारी लावला, शेजाऱ्यांचे घर बंद. मग त्याला आठवले की मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर एका निवृत्त काकांचा नंबर आहे. काका स्कूटर घेऊन वीस मिनिटांत पोहोचले. घराची किल्ली कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असते हे फोनवरच ठरले. त्यांनी रिक्षातून आईंना दवाखान्यात नेले आणि मुलगा येईपर्यंत तिथे बसून राहिले. मुलगा पोहोचला तेव्हा दीड वाजला होता. खुब्याचे हाड मोडले होते, पण वेळेवर उपचार झाले आणि आज आई काठी घेऊन याच सभागृहात, दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ते काका कोण हे त्यांनी सांगू दिले नाही, म्हणून सांगत नाही.

त्या दिवशी सगळे जुळून आले, कारण पावतीवर एक नंबर छापलेला होता. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीचा आधार एवढाच असावा काय? आमच्यातल्या प्रत्येकाने घरी जाऊन हा विचार केला. मोजून पाहिले तर आमच्यापैकी नऊ घरांत दिवसाचे अनेक तास सत्तरीच्या पुढची माणसे एकटी किंवा दोघेच असतात. आम्ही घर इथे ठेवले ते त्यांच्यासाठी, आणि त्यांना काही झाले तर पोहोचायला आम्हाला तीन तास लागतात.

कोणी म्हणेल, बुलेट ट्रेन येते आहे. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरचा तो मार्ग, बारा स्थानके, त्यांत बडोदेही आहे. २०१७ साली त्याची पायाभरणी झाली आणि त्याचे खांब आम्ही खिडकीतून रोज पाहतो. ती आली म्हणजे प्रवासाचा वेळ घटेल, आनंदच आहे. पण कचेरीचे आठ तास तेवढेच राहतील आणि घर तितका वेळ आमच्याशिवायच असेल. दिवसाच्या त्या वेळेला उपाय गाडीत सापडणार नाही. तो बडोद्यातच, एकमेकांच्या घराजवळ राहणाऱ्या माणसांतच सापडेल.

म्हणून मंडळाकडे तीन मागण्या आहेत आणि त्याबरोबर एक देणेही आहे.

पहिली मागणी, दिवसाची यादी. ज्या सभासदांच्या घरी ज्येष्ठ माणसे दिवसा एकटी असतात त्यांनी, त्या ज्येष्ठांच्या संमतीने, मंडळाकडे एक कागद द्यावा. त्यावर पत्ता, जवळच्या दोन माणसांचे नंबर, किल्ली कुठे असते, डॉक्टर कोण, रोजची औषधे कोणती, एवढेच. आपल्या मंडळात निवृत्त आणि धडधाकट अशी पंचवीसएक माणसे आहेत. वस्तीप्रमाणे घरे वाटून घेतली तर एकेकाकडे एक-दोन घरे येतील. सकाळी अकराच्या सुमारास एक फोन: "कसे आहात? चहा झाला का?" फोन उचलला नाही तर जाऊन पाहायचे. यात खर्च नाही, इमारत नको, ठराव एका ओळीचा पुरेल. ज्येष्ठांना आमची विनंती, की हे कोणी उपकार म्हणून करत आहे असे मानू नये. तुम्हीही कोणाला तरी फोन करणारे व्हा. पंच्याहत्तरीच्या माणसाने ऐंशीच्या माणसाला केलेला फोन दोघांनाही बरा वाटतो.

दुसरी मागणी वेळेची. उत्सवात सायंआरती साडेसातला होते. ती मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी योग्यच आहे, ती बदलू नये. पण सव्वानऊला पाच मिनिटांची एक छोटी आरती ठेवावी. पेटी-तबला नको, झांजा आणि आम्ही पुरेसे आहोत. गेली कित्येक वर्षे आमच्यापैकी बहुतेकांनी सायंआरती फक्त रविवारी आणि विसर्जनाच्या दिवशी पाहिली आहे. कार्यकारिणीच्या सभाही रविवारी सकाळी घ्याव्यात. चाळिशी-पन्नाशीतले लोक मंडळात दिसत नाहीत अशी खंत वर्षभर व्यक्त होते. ते लोक त्या वेळी वासद आणि रणोलीच्या मध्ये असतात.

तिसरी मागणी तरुणांसाठी. नोकरी लागली आणि अपडाउन सुरू करायचे ठरले, तर मंडळाने त्या मुलाला किंवा मुलीला आमच्याकडे पाठवावे. आम्ही चार गोष्टी सांगू. सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून तासांचा हिशेब कागदावर लिहावा, आणि दिवसभर घर कोण सांभाळणार त्याचे नाव त्यात असावे. दरवर्षी पाडव्याला तो कागद पुन्हा काढून चालू ठेवायचे की नाही ते ठरवावे. एकदा सवय लागली की तीस वर्षे कधी जातात कळत नाही. चालत्या गाडीत कधीही चढू नये. मागून दुसरी गाडी येते, माणूस पुन्हा येत नाही. आणि रविवार झोपून घालवू नये. निदान अर्धा रविवार घराच्या नावावर असावा, कारण त्यांना तेवढाच मिळतो.

आता आमचे देणे. आम्ही रोज अहमदाबादला आणि आमच्यातले काही गांधीनगरला जातोच. ज्येष्ठांची तिकडची कामे आमच्याकडे द्या. हायकोर्टातून नक्कल आणायची असो, सचिवालयात अर्जाचे काय झाले ते विचारायचे असो, इथे न मिळणारे औषध असो, तिकडच्या नातेवाइकांकडे पोहोचवायचा लग्नाचा आहेर असो, आम्ही नेऊ आणि आणू. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनाचे हयातीचे दाखले द्यायचे असतात, फोनवरून भरायची बिले असतात, त्यासाठी महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी आमच्यातले दोघे मंडळाच्या कार्यालयात बसतील. ग्रंथालयातली धूळ झटकून पुस्तकांची यादी करण्याचे कामही आम्ही अंगावर घेतो. तुम्ही आमचा दिवस सांभाळा, आम्ही तुमचा रविवार सांभाळतो. व्यवहार सरळ आहे.

आमच्या आजोबांच्या काळात याच कामाला शब्द लागत नव्हता. वाड्यात एका घरात कोणी पडले तर चार घरांना कळत असे. वाडे गेले, फ्लॅट आले, दरवाजे दिवसा आतून बंद असतात. ते दिवस परत आणण्याची भाषा आम्ही करत नाही. पण दोनशे कुटुंबांचे एक मंडळ आपल्याजवळ आहे आणि त्यातल्या कोणाच्याही दाराशी आपण ओळखीच्या तोंडाने उभे राहू शकतो. परगावात स्थायिक होणाऱ्या मराठी माणसांनी मंडळे काढली ती अशाच अडीअडचणीसाठी. गणपती, नाटके, हळदीकुंकू हे सगळे त्या ओळखी ताज्या ठेवण्यासाठी असते, आणि त्या ओळखींचा उपयोग गुरुवारी सकाळी साडेदहालाही व्हायला हवा.

दिवसाच्या यादीचा कोरा कागद आम्ही सोबत आणला आहे. वर पहिली नऊ नावे आमच्या घरांची आहेत. तो सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी डावीकडे आणि जे फोन करू शकतील त्यांनी उजवीकडे नाव लिहावे. उजवी बाजू डावीपेक्षा लांब झाली तर उद्या सकाळच्या गाडीत आम्ही जरा निर्धास्त बसू.



गणपती बाप्पा मोरया!